रीवाचे दोन रुपये सत्त्याण्णव पैसे

९ फेब्रुवारी २०१७ ला सकाळी सुरू झालेला एक ऑनलाइन लिलाव १० तारखेच्या संध्याकाळपर्यंत चालू होता. मध्ये अख्खी रात्र गेली, पण बोली थांबली नाही. एकूण सुमारे ३३ तास. लिलाव उलटा होता. जो सर्वांत कमी भाव लावेल त्याला काम, आणि वेळ संपत आली असताना कुणी भाव आणखी उतरवला की मुदत पुन्हा वाढणार. बोली लागत होती ती मध्य प्रदेशातल्या रीवा जिल्ह्यात, गुढ तहसिलीत उभ्या राहणाऱ्या ७५० मेगावॉटच्या सौर प्रकल्पातल्या विजेसाठी.

प्रकल्पाचे २५० मेगावॉटचे तीन तुकडे केले होते. लिलाव संपला तेव्हा एक तुकडा महिंद्रा रिन्युएबल्सकडे गेला, युनिटला २.९७९ रुपयांनी. दुसरा अ‍ॅक्मेकडे, २.९७० ला. तिसरा सोलएनर्जीकडे, २.९७४ ला. तिन्ही भाव तीन रुपयांच्या आत. जेमतेम वर्षभरापूर्वी, जानेवारी २०१६ मध्ये, राजस्थानातल्या भडल्याला ४ रुपये ३४ पैशांचा भाव निघाला होता आणि तो देशातला विक्रम म्हणून गाजला होता.

मी तेव्हा मुंबईत एका बँकेच्या प्रकल्प-कर्ज विभागात होतो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषयच नव्हता. बहुतेकांचं मत एकच: हा भाव परवडणार नाही, पाच वर्षांत यातली एखादी कंपनी कर्ज बुडवणार. माझंही तेच मत होतं. आठवड्याभराने प्रकल्पाची कागदपत्रं हाती आली, वीज खरेदी करार नीट वाचला आणि माझं मत बदललं. सौर वीज स्वस्त कशी झाली असं कुणी विचारलं की लोक चीनच्या कारखान्यांकडे बोट दाखवतात. ते खरंच आहे. पण रीवाचा भाव अर्धा कारखान्यात ठरला आणि अर्धा त्या करारात. या दुसऱ्या अर्ध्याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय.

आधी कारखान्यातला अर्धा

२०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं. त्या वर्षी केंद्रीय वीज नियामक आयोगाने एक मेगावॉटचा खर्च १६ कोटी ९० लाख धरला होता आणि त्यावरून युनिटचा भाव काढला १७ रुपये ९१ पैसे. डिसेंबर २०१० च्या पहिल्या लिलावात कंपन्यांनी तो फोडला. सर्वांत कमी बोली १० रुपये ९५ पैशांची होती आणि सरासरी भाव १२ रुपयांच्या थोडा वर आला. सहा वर्षांनी, २०१६-१७ साठी, त्याच आयोगाने मेगावॉटचा खर्च ५ कोटी ३० लाख धरला. म्हणजे एक-तृतीयांशाहूनही कमी.

ही घसरण आपल्याकडे घडली नाही. आपण तिचा लाभ घेतला. तिची किंमत आधी जर्मन घरांनी चुकवली होती. २००० सालच्या जर्मन कायद्याने छपरावर पॅनेल लावणाऱ्याला २० वर्षं ठरलेला भाव आणि ग्रिडने वीज घेण्याची सक्ती, या दोन गोष्टी दिल्या. त्याचा बोजा वीजबिलावर अधिभार म्हणून पडला. २०१४ मध्ये हा अधिभार युनिटमागे ६.२४ सेंट होता आणि लोकांनी तो भरला. त्या मागणीच्या भरवशावर चीनमध्ये कारखाने उभे राहिले. त्यांतला वूशी शहरातला सनटेक हा सर्वांत नावाजलेला. तो काढणारे शी झेंगरोंग ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात सौर पॅनेलचे संशोधक मार्टिन ग्रीन यांच्या हाताखाली शिकलेले. शुद्ध सिलिकॉनचा तुटवडा इतका झाला की २००८ मध्ये किलोला ४०० डॉलरच्या वर भाव गेला. मग नवे कारखाने सुरू झाले, भाव कोसळला आणि त्या लाटेत खुद्द सनटेकची मुख्य कंपनी मार्च २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. आपण आज छपरावर जे पॅनेल लावतो त्याच्या किमतीत अशा कंपन्यांचं बुडणंही जमा आहे.

भाव घसरण्यात एखाद्या मोठ्या शोधापेक्षा बारीकसारीक सुधारणांचा हात जास्त आहे. सिलिकॉनच्या ठोकळ्यातून कागदासारख्या पातळ चकत्या कापतात तिथलंच बघा. पूर्वी पोलादी तारेवर कठीण भुकटी मिसळलेला चिखल सोडून कापणी व्हायची. तारेच्या जाडीएवढ्या सिलिकॉनचा प्रत्येक कापाला भुगा व्हायचा, तो त्या चिखलात मिसळायचा आणि वाया जायचा. चार-साडेचारशे डॉलर किलोचा माल असा वाहून जात होता. मग हिऱ्याचे कण बसवलेली बारीक तार आली. भुगा कमी, वेग जास्त, चकती आणखी पातळ. अशा शेकडो सुधारणा एकावर एक चढत गेल्या. जगभरात बसवलेली क्षमता दुप्पट झाली की पॅनेलची किंमत साधारण २० टक्क्यांनी उतरते, हा अनेक दशकांचा अनुभव आहे. २०१६ च्या मध्यावर चीनने देशांतर्गत सौर विजेचा आधारभाव कमी केला. तिथली मागणी आटली, माल बाहेर आला आणि त्या एका वर्षात पॅनेल जवळपास ३० टक्क्यांनी स्वस्त झाली. रीवाच्या बोलीदारांसमोर हे नवे भाव होते.

आता हिशेब करा. पॅनेल म्हणजे प्रकल्पाचा साधारण अर्धा-पाऊण खर्च. ती ३० टक्क्यांनी उतरली की प्रकल्प पंधरा-वीस टक्क्यांनी स्वस्त होतो. भडल्याच्या ४.३४ वरून एवढं वजा केलं तर साडेतीन-पावणेचार रुपये येतात. शिवाय भडला थरच्या वाळवंटात आहे. रीवापेक्षा तिथे ऊन चांगलं, ढग कमी. त्याच पॅनेलमधून रीवाला वर्षाकाठी कमी युनिटं मिळतात. मग रीवाचा भाव भडल्यापेक्षा जास्त यायला हवा होता. तो इतका खाली कसा गेला?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २.९७ हा पहिल्या वर्षाचा भाव आहे. त्यात १५ वर्षं दरवर्षी ५ पैशांची वाढ आहे, म्हणजे शेवटी तो ३ रुपये ७२ पैशांवर जातो. पुढच्या वर्षांचे पैसे आजच्या किमतीत आणून २५ वर्षांची सरासरी काढली की साधारण ३ रुपये ३० पैसे पडतात. बातम्यांत फक्त २.९७ छापून आला. पण ३.३० धरला तरी कोडं सुटत नाही. ते करारात सुटतं.

व्याजाचा भाव

कोळशाच्या वीजघराचा खर्च वर्षानुवर्षं होत राहतो, कारण कोळसा रोज विकत घ्यावा लागतो. सौर प्रकल्पाचं तसं नाही. जवळजवळ सगळा पैसा पहिल्याच दिवशी जातो. नंतर पॅनेल धुणं, गवत काढणं, राखणदारी, थोडी दुरुस्ती. त्यामुळे सौर विजेचा भाव म्हणजे मुख्यतः कर्जाचा हप्ता.

ढोबळ आकडे घेऊ. एक मेगावॉटला ५ कोटी खर्च, वर्षाला १८ लाख युनिटं, २५ वर्षांत फेड. भांडवलावर सरासरी १३ टक्के द्यावे लागले तर वर्षाचा हप्ता ६८ लाखांच्या घरात जातो आणि युनिटला ३ रुपये ७९ पैसे पडतात. तोच पैसा १० टक्क्यांनी मिळाला तर हप्ता ५५ लाख आणि युनिटला ३ रुपये ६ पैसे. ऊन तेच, जमीन तीच, पॅनेलही तेच. फक्त तीन टक्क्यांत ७३ पैसे. सगळा प्रकल्प एक-पंचमांशाने स्वस्त झाला असता तर जेवढा फरक पडला असता, तेवढा.

मग पैशाला १३ टक्के कोण मागतं आणि का? मागणारे आम्हीच, बँका आणि गुंतवणूकदार. कारण सांगतो.

रीवाच्या दोन वर्षं आधी माझ्याकडे एका छोट्या सौर प्रकल्पाची फाइल होती. कर्जदार चोख, प्रकल्प चोख, वीज ठरल्यापेक्षा थोडी जास्तच होत होती. पण एका राज्याची वितरण कंपनी बिलं वेळेवर देत नव्हती. आमच्या तक्त्यात ‘येणी, दिवस’ अशी एक ओळ असते. मंजुरीच्या वेळी तिथे ६० लिहिलं होतं. खरे आकडे घालायला बसलो तेव्हा तिथे २४० लिहावं लागलं. एका ओळीतला तो बदल खालपर्यंत झिरपत गेला. खेळतं भांडवल वाढलं, त्यावरचं व्याज वाढलं, हप्ता भरायला पैसा अपुरा पडू लागला. वीज तयार होऊन, मीटरवर मोजून, ग्रिडमध्ये गेलेली होती. फक्त पैसे आले नव्हते. त्या फाइलनंतर आमच्या विभागाने प्रत्येक नव्या सौर कर्जाला अर्धा-पाऊण टक्का वाढवून लावायला सुरुवात केली. ज्यांनी कधी बिल थकवलं नव्हतं त्यांच्याही विजेत तो अर्धा टक्का गेला. त्या प्रकल्पाचा मालक दर महिन्याला येऊन बसायचा. त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

कराराची कलमं

रीवाचा करार वाचताना मी पहिल्यांदा तीच जागा शोधली: पैसे थकले तर काय? तिथे तीन पायऱ्या होत्या. आधी बँकेचं पतपत्र, जे बिल थकलं की वटवता येतं. ते संपलं तर वेगळा ठेवलेला देयक सुरक्षा निधी. तोही आटला तर खुद्द मध्य प्रदेश सरकारची हमी. देशातल्या सौर करारात राज्य सरकार स्वतः असं मागे उभं राहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. आमच्या त्या ‘येणी’च्या ओळीत आता निर्धास्तपणे ६० लिहिता येत होतं.

दुसरं कलम ग्रिडचं. ऊन आहे, पॅनेल चालू आहेत, पण वाहिनी बंद किंवा वरून हुकूम आला की वीज नको. बहुतेक करारांत हे नुकसान वीज बनवणाऱ्याच्या माथी पडायचं. दुपारी बाराची न घेतलेली वीज रात्री विकता येत नाही, ती गेली ती गेलीच. रीवाच्या करारात त्याची भरपाई होती. तिसरं, करार मध्येच मोडला तर कुणाला किती द्यायचं हे आधीच लिहिलेलं होतं. कर्ज देणारा माणूस हे पान सर्वांत आधी वाचतो, आणि बहुतेक वेळा ते मोघम असतं.

जमिनीचा प्रश्नही आधीच मिटवलेला. सुमारे १,५०० हेक्टर, बरीचशी सरकारी पडीक, काही खासगी घेतलेली. भारतीय सौर ऊर्जा महामंडळ आणि मध्य प्रदेश ऊर्जा विकास निगम यांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत ‘रीवा अल्ट्रा मेगा सोलर’ ही कंपनी काढली होती. आतले रस्ते आणि उपकेंद्रं तिने बांधायची, त्यासाठी जागतिक बँकेचं कर्ज. सात-बारा (तिकडे खसरा) घेऊन तलाठ्याच्या दारी फिरायची वेळ विजेत्या कंपनीवर येणार नव्हती. ज्याने महाराष्ट्रात एखाद्या प्रकल्पासाठी जमिनीची कागदपत्रं गोळा केलीत, त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

ही सगळी मांडणी जागतिक बँक समूहातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाच्या सल्ल्याने झाली. मध्य प्रदेशच्या नवीकरणीय ऊर्जा विभागाचे तेव्हाचे प्रधान सचिव मनु श्रीवास्तव यांनी ती तडीस नेली. लिलावाआधी कराराचा मसुदा बोलीदारांना आणि बँकांना दाखवला, हरकती ऐकल्या, कलमं बदलली. लिलावाच्या दिवशी कुणाच्या मनात ‘हे कलम आपल्याला बुडवेल’ अशी भीती शिल्लक नव्हती. भीती नसली की तिच्यापोटी भावात टाकलेले पैसेही काढता येतात. ३३ तासांच्या त्या बोलीत जे पैसे उतरत गेले त्यांतले बरेचसे हे होते.

यात सरकारने उधळपट्टी केली का? माझ्या मते उलट झालं. या भावासाठी केंद्राचं व्यवहार्यता तूट अनुदान (प्रकल्प परवडावा म्हणून सरकार भरून देतं ती रक्कम) लागलं नाही. हमीचा खर्च वितरण कंपनीने बिल थकवलं तरच होतो, आणि ते थकू न देणं राज्य सरकारच्याच हातात असतं. वीज बनवणाऱ्या कंपनीच्या हातात ते नसतं. तिच्यावर तो धोका टाकला तर ती त्याचे पैसे लावते, आणि शेवटी ते ग्राहकाच्याच बिलात येतात. जो धोका ज्याला टाळता येतो त्यानेच तो उचलावा, इतकी साधी ही गोष्ट. शेतात खंडाने जमीन देणारे आपले आजोबाही असाच करार करायचे. विहीर मालकाने नीट ठेवायची, नांगरट कसणाऱ्याने करायची.

मेट्रो का?

रीवाच्या विजेचा एक ग्राहक अनपेक्षित होता. ७६ टक्के वीज मध्य प्रदेशने घेतली आणि २४ टक्के दिल्ली मेट्रोने, शेकडो किलोमीटर दूरवरून. राज्याबाहेरच्या एका संस्थेने सौर प्रकल्पाची वीज थेट अशी घेण्याचा हा देशातला पहिला मोठा व्यवहार. दोघांचाही यात फायदा होता. मेट्रो दिवसभर धावते, वीज दिवसाच तयार होते. आणि मेट्रोकडे तिकिटाचा पैसा रोज रोख येतो. बँकेच्या भाषेत हा सोन्यासारखा ग्राहक. एप्रिल २०१९ पासून मेट्रोला रीवाची वीज मिळू लागली.

प्रकल्प वेळेत झाला असं म्हणता येणार नाही. पहिली वीज २०१८ मध्ये आली, पूर्ण क्षमता जानेवारी २०२० मध्ये, आणि १० जुलै २०२० ला पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पण झालं. पण कुणी बुडालं नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावरचं भाकीत खोटं ठरलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पांढऱ्या वाघासाठी प्रसिद्ध असलेल्या या जिल्ह्याचं नाव मग वीज क्षेत्रात एका पद्धतीचं नाव म्हणून घेतलं जाऊ लागलं.

स्वस्ताईची दुसरी बाजू

तीन महिन्यांत, मे २०१७ मध्ये, भडल्याच्या नव्या लिलावात भाव २ रुपये ४४ पैशांवर आला. इथून एक अवघड प्रकरण सुरू झालं. पाच-सहा रुपयांनी जुने करार केलेल्या राज्यांना वाटू लागलं की आपण फसलो. आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये सरकार बदललं आणि जुने सौर व पवनचक्क्यांचे करार उघडून भाव कमी करायचा प्रयत्न झाला. प्रकरण न्यायालयात गेलं. निकाल लागेपर्यंत सौर विजेला हंगामी दर मिळाला २ रुपये ४४ पैसे. तोच आकडा. ज्याने २०१४ च्या महागड्या पॅनेलवर कर्ज काढलं होतं त्याला २०१७ चा भाव. मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने करार पाळायचा निर्णय दिला, पण मधली अडीच वर्षं गेली. त्या काळात आंध्रच्या कुठल्याही नव्या प्रकल्पाला कर्ज देताना आम्ही काय केलं असेल ते वर सांगितलेल्या तक्त्यावरून कळेल. रीवाने कमावलेला विश्वास एका राज्याने तोडला आणि त्याचं व्याज सगळ्यांनी भरलं.

आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्येच सुरू झाली. राळेगणसिद्धीचा प्रकल्प तिच्यातला सुरुवातीचा. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, मार्च २०२४ पर्यंत, ९,००० मेगावॉटच्या वर कामं तीन रुपयांच्या आसपासच्या भावाने दिली गेली. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख. शेतीला दिवसा वीज द्यायचा तिचा उद्देश मला जवळचा वाटतो. माझ्या आजोळी ऊसाला पाणी द्यायला मामा रात्री दोनला उठून जायचा, हातात बॅटरी आणि काठी, कारण वीज तेव्हाच यायची. दिवसा वीज मिळाली तर ही काठी कोपऱ्यात ठेवता येईल. ही योजना टिकेल का, हेही पुन्हा त्याच ओळीवर ठरेल: महावितरणकडून बिलाचे पैसे किती दिवसांत येतात.

रीवाची कंपनी थांबली नाही. आगर, शाजापूर आणि नीमचच्या प्रकल्पांचे लिलाव तिने २०२१ मध्ये केले आणि नीमचला भाव २ रुपये १४ पैशांपर्यंत उतरला. तिथली वीज भारतीय रेल्वेनेही घेतली. मग सप्टेंबर २०२५ मध्ये मुरैनाचा लिलाव झाला. यात पॅनेलबरोबर बॅटऱ्याही आहेत, म्हणजे सूर्य मावळल्यावर दिवे, पंखे आणि टीव्ही एकदम चालू होतात त्या तासांतही वीज द्यायची जबाबदारी कंपनीवर आहे. सौर विजेवरचा सर्वांत जुना आक्षेप हाच होता की ती संध्याकाळी कामाची नाही. मुरैनाला भाव निघाला २ रुपये ७० पैसे, संध्याकाळ धरून. आठ वर्षांपूर्वी नुसत्या दुपारच्या विजेसाठी जो भाव अशक्य वाटला होता, त्याहून २७ पैसे कमी.